शून्य शिल्लक, तरीही दंड : टाकव्याच्या कंत्राटी कामगारांची पगार खाती

कान्हे फाट्यावरून आंदर मावळात शिरले की टाकवे बुद्रुक लागते. इथल्या कारखान्यांत काम करणारे आपले अनेक तरुण कंत्राटी आहेत. ठेकेदार बदलला की बँकही बदलते, कारण पगार कुठल्या बँकेत जमा होणार हे तोच ठरवतो. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाकडे तीन-चार एटीएम कार्डे असतात आणि चालू खाते एकच. बाकीची विसरली जातात. बँकेच्या हिशोबात मात्र ती जिवंत असतात.

पगार खात्याला किमान शिल्लक लागत नाही, पण ही सवलत पगार येत असेपर्यंतच. साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की बहुतेक बँका त्याचे साधे बचत खाते करतात आणि किमान शिल्लक, कार्डाचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे शुल्क सुरू होते. म्हणजे काम सुटते त्याच वेळी दंड लागू होतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हा दंड कधीच बसत नाही. म्हणून आम्ही याला केवळ तरुणांचा निष्काळजीपणा म्हणत नाही. हा गरिबीवर लावलेला कर आहे.

त्याचा आकार केवढा? ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत माहिती दिली. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लक, जादा एटीएम व्यवहार आणि एसएमएस यांपोटी ३५ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले होते. त्यातले सुमारे २१ हजार कोटी एकट्या किमान शिलकीच्या दंडाचे. त्यानंतर चित्र थोडे बदलले. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला होता. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही तो काढला. खासगी बँकांत तो अजून आहे, आणि ठेकेदाराने उघडलेले खाते खासगी बँकेत असेल तर प्रश्न तसाच उरतो.

कायदा आपल्या बाजूने किती?

रिझर्व्ह बँकेचे काही नियम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवेत. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवले पाहिजे आणि भरणा करायला महिनाभर मुदत दिली पाहिजे. केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही. शिष्यवृत्ती किंवा सरकारी योजनेसाठी उघडलेले शून्य शिलकीचे खाते तर व्यवहार नाही म्हणून निष्क्रियही ठरवता येत नाही. हे आपल्या विद्यार्थ्यांसाठी फार महत्त्वाचे आहे.

सर्वांत उपयोगाचा नियम मूलभूत बचत खात्याचा. २०१२ पासून प्रत्येक बँकेला असे खाते द्यावेच लागते. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नाही, महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत. आपले आहे तेच खाते लेखी अर्ज देऊन या प्रकारात बदलता येते. अट एवढीच की त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

पण नियम असूनही गळती होते. एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळात स्टेट बँकेने मूलभूत बचत खात्यांवरील चारपेक्षा जास्त डिजिटल व्यवहारांवर प्रत्येकी १७ रुपये ७० पैसे कापले. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशीष दास यांनी हे आकड्यांसह मांडले. वसुली २५४ कोटींची होती आणि परतावा झाला सुमारे ९० कोटींचा. कोणीतरी नियम वाचला आणि पाठपुरावा केला म्हणून तेवढे तरी परत आले.

छोट्या गळत्या

एटीएमचे पाहा. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, मावळात पाच. शिल्लक पाहणे हाही व्यवहार धरला जातो. त्यापुढे मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी. पाचशे रुपये काढायला सत्तावीस रुपये म्हणजे शेकडा पाच रुपयांहून जास्त.

हप्त्यावर घेतलेला मोबाईल त्याहून महाग पडतो. हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर बँक वेगळे शुल्क लावते आणि वित्त कंपनी वेगळे. पगार दहा तारखेला आणि हप्ता पाच तारखेला असेल तर हे दर महिन्याला घडते. तारीख बदलून मागणे हा साधा उपाय आहे.

शिळेवर कोरलेला व्याजदर

कार्ल्याच्या लेण्याला गाव दान देणाऱ्या उषवदाताचा एक शिलालेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. भिक्खूसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण व्याज. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि दगडावर कोरला. अटी सर्वांना दिसतील अशा उघड ठेवायच्या, ही आपल्या लेण्यांतली जुनी रीत आहे. आज १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्ज देणाऱ्या बँकांना आणि वित्त कंपन्यांना एक तपशीलपत्रक द्यावे लागते. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर असतो. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या संमतीशिवाय घेता येत नाही. सही करण्याआधी ते मराठीत मागा. समजेल अशा भाषेत ते मिळणे हा आपला हक्क आहे.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या वस्तीत पासबुकातली कपात कुणालाच वाचता येऊ नये, हे आपल्याला शोभत नाही.

विहारात काय करता येईल?

महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर 'पासबुक बैठक' घ्या. प्रत्येकाने सर्व खात्यांची यादी करावी. चालू खाते एक, फार तर दोन ठेवावीत, बाकीची लेखी अर्जाने बंद करावीत आणि पोच घ्यावी. बंद करण्याआधी पीएफ, शिष्यवृत्ती, गॅसचे अनुदान कुठे जमा होते ते तपासावे. चुकीची कपात दिसली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ही बैठक फक्त आपल्यापुरती ठेवू नका. ठाकर आणि कातकरी वाड्यांतून येणारे कामगारही त्याच ठेकेदाराकडे राबतात आणि तोच दंड भरतात. त्यांनाही बोलवा.