विश्लेषण : रायफलच्या जुन्या ‘ट्यूनर’ला वजन जोडायचे, तर लेथवाल्याकडे जावे का?

स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे नळीच्या टोकावरचा ट्यूनरही महत्त्वाचा ठरतो.

ट्यूनर काय करतो?
गोळी झाडताना नळी थरथरते. ट्यूनरचे वजन पुढे-मागे सरकवून ही थरथर आणि गोळी बाहेर पडण्याचा क्षण यांचा मेळ घालतात.

बदल कशासाठी?
पुढे थोडे जड असलेली रायफल अनेकांना स्थिर वाटते. जुन्या ट्यूनरवर मात्र जादा वजनाला जागा नसते. मग त्यावर आटे पाडून किंवा स्क्रूने आवळायची रिंग बसवून वजन जोडले जाते. ते नळीशी समकेंद्री हवे आणि गोळीच्या वाटेत येता कामा नये. वजन बदलले की ट्यूनिंग पुन्हा करावे लागते. पुरुषांच्या स्पर्धेत रायफल एकूण ८ किलोपेक्षा जड चालत नाही.

कायदा काय सांगतो?
भोर-वेल्ह्यातून बालेवाडीची शूटिंग रेंज लांब, महामार्गालगतचे लेथ जवळ. पण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि कलम ५ नुसार त्यांची दुरुस्ती वा त्यांत बदल करायला परवाना लागतो. ट्यूनर हा ‘भाग’ की नुसती जोडणी, यावर वाद होऊ शकतो. नळीवर आटे पाडले, तर वादाला जागाच नाही. म्हणून रायफल लेथवर नेऊच नये. परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडूनच काम करून घ्यावे.