एका घरातले तीन पासपोर्ट

गिरगाव ही मुळात घर सोडून आलेल्यांची वस्ती. ठाकूरद्वार, झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट या भागांतील चाळी ज्यांनी भरल्या, त्यांतील फार मोठा वर्ग कोकणातून आला होता. कर्ता पुरुष मुंबईत, म्हातारे आईवडील गावी आणि दोहोंना बांधून ठेवणारी मनीऑर्डर, ही कुटुंबव्यवस्था या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. तेव्हा त्याच चाळींतील मुले पुढे ह्यूस्टन, दुबई किंवा सिंगापूरला गेली, तर त्यात नवे ते काय, असा प्रश्न कोणी विचारील. अंतर वाढले एवढेच, असे वरवर पाहता वाटते. परंतु गावच्या घराचा उंबरा ओलांडण्यासाठी चाकरमान्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. आज परदेशी राहणाऱ्या कुटुंबाला एकत्र राहण्यासाठी, आणि कधीकधी एकत्र परतण्यासाठीही, दोन-दोन सरकारांचे शिक्के लागतात. प्रश्नाचे मर्म येथे आहे, आणि आपल्या चर्चेतून नेमके तेच सुटते.

ही चर्चा अजूनही आधीच्या पिढीच्या अनुभवावर पोसलेली आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातील डॉक्टर-इंजिनियरांना दरवाजे उघडले; त्या लाटेत गेलेल्या मराठी मंडळींनी १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे केले. ही माणसे गेली आणि तेथलीच झाली. त्यांच्याविषयी अभिमान बाळगावा की हळहळ व्यक्त करावी, यावर येथे पुष्कळ शाई खर्ची पडली. आजचे स्थलांतर या साच्यात बसत नाही. नोकरी तीन वर्षे एका देशात, पुढील चार वर्षे दुसऱ्या देशात, मधे पुणे किंवा बंगळूरचा मुक्काम, असा त्याचा क्रम असतो. आईवडिलांचा पासपोर्ट भारताचा, थोरलीचा अमेरिकेचा आणि धाकट्याचा कॅनडाचा, अशी घरे आता नवलाईची राहिलेली नाहीत.

कायद्याच्या दृष्टीला मात्र असे कुटुंब दिसतच नाही. त्याला दिसतो तो एकेक इसम. अमेरिकेचा एच-१बी परवाना साधारणतः ६ वर्षांचा असतो. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांच्या भाषेत मोजावी लागते. एच-४ परवान्यावर सोबत गेलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत नोकरीचा अधिकारच नव्हता. त्या वर्षी मिळाला तोही ज्यांच्या पतीचा अर्ज पुढच्या टप्प्यावर पोहोचला आहे अशांनाच. येथे शाळेत वा बँकेत काम केलेली कितीतरी शिकलीसवरलेली स्त्री तेथे कागदोपत्री केवळ आश्रित ठरली. मुलांची गत आणखी चमत्कारिक. लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल २१ वर्षांचे होताच आश्रित राहत नाही, आणि ज्या गावात ते वाढले तेथून त्याला निघण्याची तयारी करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर होताच सुट्टीवर आलेल्या अनेकांनी मिळेल ते विमान पकडून परत धाव घेतली. तो आदेश आपल्याला लागू होतो की नाही, हेही त्यांना उमगलेले नव्हते. ज्या घराचा पाया असा रात्रीत हलतो, त्या घराला बांधलेले घर म्हणावे तरी कसे?

दोष केवळ परक्या सरकारांचा आहे, असेही नाही. आपल्या राज्यव्यवस्थेत दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. त्याऐवजी २००५ साली कायदा दुरुस्त करून परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड देण्याची सोय झाली. या कार्डाला आजन्म व्हिसा समजले जाते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ही सवलत स्थगित झाली, तेव्हा त्या समजुतीची परीक्षा झाली. मे महिन्यात सरकारने खास विमाने सोडली, तेव्हा भारतीय आईबापांना विमानात जागा होती. मात्र अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या तान्ह्या मुलांना नव्हती. ओरड झाल्यावर २२ मे रोजी नियम शिथिल झाला. परंतु आईला घ्यावे आणि तिचे मूल ठेवावे, असे एखादा नियम सांगू शकतो, हे त्या आठवड्यांत अनेक घरांनी अनुभवले.

या साऱ्याची दुसरी बाजू ठाकूरद्वारच्या चाळीत दिसते. मागे राहिलेल्या आईला मुलाकडे पाहुणी म्हणून जाता येते, ते साधारणतः ६ महिने. तिला कायमचे जवळ ठेवायचे, तर मुलाला आधी अमेरिकेचे नागरिक व्हावे लागते, म्हणजेच भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. इकडे तिची खोली पागडीची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार जागा सलग ६ महिने वाजवी कारणाविना वापरात नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो. भाडेकरूच्या मृत्यूनंतर पहिला हक्क त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. तसा कोणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवावे, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी. २०२५ साली भुयारी मेट्रो गिरगावातून धावू लागली, जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत, आणि दहा बाय बाराच्या खोलीची किंमत कोटीच्या भाषेत सांगितली जाते. अशा वेळी कुलूप लावून नातवंडांना भेटायला जाणारी म्हातारी मनातल्या मनात महिने मोजते, यात आश्चर्य नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तिला चरितार्थाची रक्कम मिळवून देईल. इस्पितळात रात्री उशाशी कोण बसणार, याचे उत्तर त्या कायद्यापाशी नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ही माणसे पैशासाठी स्वखुशीने गेली. त्यांच्या अडचणींचे ओझे कारकुनी पगारावर कर भरणाऱ्याने का वाहावे? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु परदेशस्थांनी भारतात पाठविलेल्या रकमेने २०२२ साली १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा तो आकडा सर्वांनी मिरविला. पैसा देशाचा आणि अडचण ज्याची त्याची, ही विभागणी न्यायाची नव्हे. शिवाय मागणे खैरातीचे नाहीच. अमेरिकेत नोकरी करणारा भारतीय पगाराच्या ६.२ टक्के रक्कम तेथील सामाजिक सुरक्षेपोटी भरतो आणि तेवढीच मालक भरतो. पण पेन्शनचा हक्क साधारण १० वर्षे भरणा केल्यावर मिळतो. परवाना ६ वर्षांचा आणि हक्क १० वर्षांनी, हा हिशेब कोणत्याही कारकुनाला कळेल. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, जपान या देशांशी भारताने याबाबत करार केले. अमेरिकेशी अद्याप नाही. तो करणे हे दिल्लीचे काम आहे.

मुंबईतही करण्याजोगे आहे. मुलाकडे जाणे हे जागा बंद ठेवण्याचे वाजवी कारण आहे, असे विधिमंडळाने कायद्यात स्पष्ट लिहावे. त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही. शाळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण दुबईहून सहावीत परतलेले मूल घरात मराठी बोलते आणि फळ्यावरचे वाचू शकत नाही. त्याला ‘फॉरेनचा’ म्हणून वेगळे काढायचे की वर्षभर स्वतंत्र तास देऊन वर्गाच्या बरोबरीला आणायचे, हे सक्तीच्या कलमाने ठरत नाही, शिक्षकाच्या धीराने ठरते. १९१८ साली धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले, ते मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना घेऊन. त्या मुलाने १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली आणि मायदेशी येऊन भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. दोन देशांत वाढलेले मूल उणे असते, हा समज या एका नावाने पुसला जावा.

राहता राहिले कुटुंब. जाण्याचा बेत करताना पगाराचा आकडा सर्वांना ठाऊक असतो. परतण्याची मुदत, आईवडिलांच्या आजारपणाची व्यवस्था आणि पत्नीच्या नोकरीचे काय, हे विषय मात्र निघत नाहीत. ‘बघू पुढच्या वर्षी’ या तीन शब्दांवर अनेक घरांनी वीस वर्षे काढली आहेत. सरकारांनी आपले नियम माणसाळवावेत, हे सांगणे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे. पण तो बदल होईपर्यंत, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा समोरासमोर बसून बोलावे, याला कोणत्याही देशाचा व्हिसा लागत नाही.