विरजण जुनं, दही ताजं

मैत्रिणींनो, भुताखेतांच्या गोष्टी म्हटल्या की आपल्याला पिंपळ, पडका वाडा आणि अमावास्याच आठवते, नाही का? पण भीती आपल्या माजघरातही दबा धरून बसलेली असते, हे एका गृहिणीनं दाखवून दिलं. तिचं नाव शर्ली जॅक्सन.

अमेरिकेतल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहानशा गावी तिचा संसार होता. चार मुलं, प्राध्यापक नवरा आणि घरभर पुस्तकं. बायकांच्या मासिकांसाठी ती घरच्या गमतीजमती लिही, आणि त्याच हातानं अंगावर काटा आणणाऱ्या कथाही! १९४८ साली तिची ‘द लॉटरी’ छापून आली, तेव्हा त्या उन्हाळ्यात तीनशेहून जास्त पत्रं आली. त्यांतली कौतुकाची अगदी बोटांवर मोजण्याइतकी. तिनं एक किस्सा लिहून ठेवलाय. बाळंतपणासाठी इस्पितळात गेल्यावर तिनं आपला व्यवसाय ‘लेखिका’ असा सांगितला, तरी तिथल्या बाईंनी ‘गृहिणी’ असंच लिहायचं ठरवलं. वाचून हसू येतं, पण कुठंतरी टोचतंच ना?

१९६५ साली, अवघ्या ४८ व्या वर्षी ती गेली. पण विरजण संपलं नाही. एलेन डॅटलो या नामवंत संपादिकेनं २०२१ साली जॅक्सनपासून स्फूर्ती घेतलेल्या १८ नव्या कथांचा संग्रह काढला, ‘व्हेन थिंग्ज गेट डार्क’. त्याआधी २००९ साली एडगर अ‍ॅलन पो याच्यावरूनही तिनं असाच संग्रह केला होता.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांच्या कथा गोळा करायला असं काय लागतं? अहो, खरी कसोटी तिथंच! जॅक्सनच्याच कथा फिरवून सांगायच्या नाहीत, तिलाच पात्र करून मिरवायचं नाही. घ्यायची ती फक्त तिची नजर, असं डॅटलोनं लेखकांना बजावलं. विरजण चमचाभरच घालायचं. दूध मात्र ज्याचं त्यानं आणायचं. शिवाय ताट वाढतानाचा विचार आहेच. दोन तिखट पदार्थ शेजारी नकोत, पहिला घास बोलावणारा हवा आणि शेवटची चव जिभेवर रेंगाळणारी.

तुमच्या महिला मंडळाचं हस्तलिखित निघतं ना? मग यंदा हा प्रयोग करून पाहा. सर्वांच्या आवडीचा एक जुना लेखक निवडा. त्याचं कथानक उचलायचं नाही, अशी अट आधीच घाला. भीती आपल्याच घरातली शोधा: बंद खोली, न बोलणारी शेजारीण, रात्री वाजणारी कडी. एकीनं संपादन करावं आणि न पटलेली कथा गोड शब्दांत, पण नक्की परत करावी.

आणि हो, कथेखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा. पुढं ‘लेखिका’ लिहायला मुळीच लाजू नका. कुणी खोडायच्या आत शाई वाळू द्या म्हणजे झालं!