'गरिबाची शेवंड' आणि उपमानाचे वर्चस्व

अमेरिकन घरांत एक साधी कृती रूढ आहे. कॉड किंवा हॅडॉक अशा पांढऱ्या माशाचे जाड तुकडे मीठ, थोडी साखर व लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात उकडायचे आणि वितळवलेल्या लोण्यात बुडवून खायचे. शेवंड, खेकडा, कोळंबी यांच्या मांसाचा गोडवा बराचसा ग्लायसिनसारख्या मुक्त अमिनो आम्लांमुळे येतो. इथे ती उणीव साखर भरून काढते. या पदार्थाला 'गरिबाची शेवंड' म्हणतात. कृतीबद्दल तक्रार नाही. कमी पैशांत चवीचे जेवण रांधणे हे कौशल्यच आहे. आक्षेप आहे तो नावाला.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत येथे मासा उपमेय आणि शेवंड उपमान. उपमान गुणाने श्रेष्ठ असते, हे आपण वर्गात गृहीत धरूनच शिकवतो. परंतु शेवंडीला हे श्रेष्ठत्व आले कोठून? १६२३ साली प्लिमथ वसाहतीत नव्याने आलेल्यांपुढे शेवंड किंवा माशाचा तुकडा, तोही पावाविना, ठेवण्यापलीकडे काही करता आले नाही, याची खंत गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे तेव्हा शेवंड आणि मासा एकाच पंक्तीत होते, आणि ती पंक्ती अभावाची होती. पुढे डबाबंद अन्नाचा उद्योग आणि रेल्वे यांनी शेवंड दूरच्या शहरांत नेली आणि ती प्रतिष्ठित झाली. प्राणी तोच राहिला, गिऱ्हाईक बदलले.

मंकफिशची कथाही अशीच. बेढब तोंडाचा हा मासा मच्छीमार बहुधा फेकून देत. त्याच्या शेपटीचे मांस मात्र घट्ट असते, शिजवल्यावर कॉडसारखे पापुद्रे सुटत नाहीत. म्हणून 'गरिबाची शेवंड' हे बिरुद त्यालाही चिकटले. मागणी वाढली, तसा तो स्वतःच महाग झाला. गरीब केवळ नावापुरता उरला.

या प्रक्रियेचे टोक म्हणजे सुरीमी. जपानमध्ये १९६० च्या सुमारास अलास्का पोलॉक माशाचा लगदा साखर मिसळून गोठवण्याचे तंत्र विकसित झाले आणि १९७० च्या दशकात त्यापासून खेकड्याच्या मांसासारख्या कांड्या बनू लागल्या. लगदा थंड पाण्यात पुनःपुन्हा धुऊन त्याचा वास, रक्त, चरबी काढून टाकतात. मग मीठ, स्टार्च, खेकड्याचा स्वाद आणि वरून तांबडा रंग. आपल्या रत्नागिरीतही सुरीमी तयार होते, आणि भारतात त्यासाठी प्रामुख्याने वापरला जातो तो राणी मासा. कोळी-भंडाऱ्यांच्या बोलीने ज्याला राणी म्हटले, त्याने स्वतःची चव धुऊन टाकून खेकड्याच्या नावाने ताटात यावे, यातील विसंगती भाषेच्या अभ्यासकाला तरी जाणवावी.

साहित्यव्यवहारात आपण वेगळे काय करतो? विल्यम जोन्सने १७८९ साली 'शाकुंतला'च्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत कालिदासाला भारताचा शेक्सपिअर ठरवले. अपरिचित वाचकाला दार उघडून देण्यासाठी अशी तुलना उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. त्या अनुवादामुळे युरोपने कालिदास वाचला. परंतु शेक्सपिअरच्या हजारएक वर्षे आधी होऊन गेलेल्या कवीची ओळख आपणही त्याच उपमानाने करून देत राहिलो, तर त्याच्यातले जे शेक्सपिअरसारखे नाही ते वाचायचे राहून जाते. सुरीमीच्या लगद्यातून पाण्याबरोबर नेमके तेच निघून जाते.

कोकणात बोंबील हे स्वस्त, पांढरे, मऊ मांस. पण त्याला कोणी 'गरिबाचे पापलेट' म्हटल्याचे ऐकिवात नाही. दाबून पाणी काढायचे, तिखट-मीठ-हळद लावायची, तांदळाच्या पिठात घोळवून तळायचे. कृती त्याच्या मऊपणातून निघाली आहे, दुसऱ्या माशाच्या आठवणीतून नव्हे. समीक्षेनेही आपल्या लेखकांकडे असेच, त्यांच्या स्वतःच्या पोतापासून सुरुवात करून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.