एकासाठी एक

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाने आधी माणसाची आवड ओळखली, पुस्तक नंतर दिले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला मात्र १९०० साल उजाडले. ज्याला त्याला आपापला वेळ लागतो.

आपल्या मंडळीत मात्र तशी ओळख होत नाही; उपासना सुटली की दारात सलाम होतो आणि जो तो घरची वाट धरतो. किनवट, मुखेड, देगलूरची मुले नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजांत येतात, काही लातूरला नीटच्या क्लासला जातात. टेस्टमध्ये मार्क घसरले, मेसचा डबा तसाच राहिला, तर हे त्यांनी सांगावे कोणाला? व्यासपीठावरून, उपदेश कितीही चांगला असला तरी, हे दिसत नाही.

म्हणून प्रत्येक अनुभवी विश्वासूने एकाच तरुणाला आपला मानावे. मुलींसाठी मंडळीतल्या बायकांनी पुढे यावे. आठवड्यातून एकदा भेटा, चहा घ्या, मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय सोबत वाचा. सोळा अध्याय, म्हणजे साधारण चार महिने. सल्ला देण्याची घाई नको. तरुणाने सांगितलेले चारचौघांत प्रार्थनेचा विषय म्हणूनही बोलू नका. तयार असाल, तर येत्या रविवारी पाळकांकडे नाव द्या.