पडीक जीप घ्यावी कीं न घ्यावी ?

जिल्ह्यांतील कोणत्याहि रस्त्यानें चार गांवें ओलांडलीं, तर एखाद्या वाड्यामागें, चिंचेखालीं किंवा कांद्याच्या चाळीशेजारीं एक जुनी जीप उभी असलेली दिसतेच. टायर जमिनींत रुतलेले, बैठकीवर कोंबड्या, बॉनेटच्या फटींतून एरंड वर आलेला. अशा गाडीकडे पाहून हळहळणारे पुष्कळ. आणि "एवढी चांगली वस्तु मातीस मिळते आहे, घेऊन उभी करूं" असें मनांत आणणारेहि आतां थोडे राहिले नाहींत. त्यांतले कांहीं निव्वळ हौशी असतात, कांहींना पावसाळ्यांत मळ्यावर पोंचण्याची खरी अडचण असते, आणि बहुतेकांच्या मनांत या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. या व्यवहाराविषयीं आमचें मत असें कीं, इंजिन बंद आहे हें जुनी जीप नाकारण्याचें कारण नव्हे, आणि इंजिन सुरू होतें हें ती पत्करण्याचेंहि कारण नव्हे. निर्णय व्हावयाचा तो कागदांवर, सांगाड्यावर आणि घेणाऱ्याच्या मोकळ्या दिवसांवर.

या गाडीची ओढ आपल्या लोकांस कां वाटते हें उघड आहे. १९४१ पासून अमेरिकेंत विलीज कंपनीनें लष्करासाठीं जी जीप बांधली, तिचीच पुढची पिढी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत महिंद्र कंपनी परवान्यानें मुंबईस जोडूं लागली. उंच नाकाडाची सी.जे. ३-बी ही त्यांतली सर्वांत ओळखीची. तिचें पेट्रोल इंजिन उंचीला अधिक, म्हणून बॉनेट वर उचलावें लागलें आणि तेंच तिचें रूप ठरलें. अमेरिकेंत ती १९५३ ते १९६८ पर्यंत निघाली. आपल्याकडे त्यानंतरहि कितीएक वर्षें निघत राहिली. पुढें डिझेल आलें. आरंभीच्या डिझेल जीपांतील इंजिन इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या कुळांतलें; मागाहून एम.एम. ५४० मध्यें प्यूजो जातीचें २११२ घनसेंटिमीटरचें इंजिन आलें. तात्पर्य, जो मिस्त्री आपला ट्रॅक्टर खोलतो तो ही गाडीहि खोलूं शकतो. आजच्या गाड्यांप्रमाणें हिच्यांत संगणक बसलेला नाहीं, आणि ही सोय लहान नव्हे.

परंतु पारख करावयाची कशी ? बहुतेक लोक काय करतात ? शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणतात, दोन धक्के देतात, इंजिन खोकून सुरू झालें कीं सर्वांचे चेहरे उजळतात आणि तेथल्या तेथें इसार दिला जातो. बैल घेतांना दांत, खूर आणि खांदा पाहणारा शेतकरी येथें केवळ हंबरणें ऐकून व्यवहार करतो ! इंजिन हा या गाडींतला सर्वांत सहज बरा होणारा अवयव आहे. बोअर करणें, पिस्टन-रिंगा बदलणें, क्रँक घासून घेणें, पंप व नोझल तपासून घेणें हीं कामें तालुक्याच्या गांवीं नित्य होतात आणि त्यांचा खर्च अगोदर विचारून कळतो. सांगाड्याचें तसें नाहीं. मागचे व पुढचे पाटे जेथें अडकविलेले असतात तेथें, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत आणि स्टिअरिंगची पेटी जेथें बसते त्या भागीं चिखल सांचून लोखंड आंतून कुजतें; वरून रंग शाबूत दिसतो. लहान हातोडी घेऊन तेथें ठोकून पाहावें. खणखणीत नाद आला तर बरें. बद्द आवाज आला, किंवा पेंचकसाचें टोंक आंत शिरलें, तर मालकास नमस्कार करून घरीं यावें. वरचा पत्रा कुजलेला असला तर मात्र घाबरूं नये. नवा पत्रा बनवून मिळतो. सांगाड्याला मारलेलीं ठिगळें खड्ड्यांत केव्हां सुटतील याचा भरंवसा कोणीच देत नाहीं.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. चारी चाकांस जोर मिळणें हेंच या गाडीचें वैशिष्ट्य. तथापि डिझेल वांचविण्यासाठीं किंवा दुरुस्तीच्या कंटाळ्यानें पुष्कळ मालकांनीं पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो, कांहींनीं तर पुढची सबंध धुरीच बदललेली असते. खालीं वांकून पाहिल्याशिवाय हें कळत नाहीं. शाफ्ट माळ्यावर असला तर हरकत नाहीं. भंगारांत गेला असला, आणि जोर वांटून देणारी पेटीहि अपुरी असली, तर ते जिन्नस एकेक करून जुळवितां जुळवितां वर्ष जातें. चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हालवावें. खडखड झाली तर आंतलीं बेअरिंगें गेलीं असें समजावें. हें काम अवघड नाहीं, पण तें किंमत ठरण्यापूर्वीं कळलें पाहिजे.

आतां कागद. येथें आमचे बंधु सर्वांत निष्काळजी असतात याचें नवल वाटतें, कारण सात-बाराच्या एका ओळीसाठीं तालुक्यास वीस खेपा घालणारे लोक हेच ! खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढें फॉर्म २५ भरून व गाडी तपासणीस नेऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. चिंचेखालच्या बहुतेक जीपांची ही मुदत केव्हांच टळलेली असते. १ एप्रिल २०२२ पासून अशा विलंबास खाजगी मोटारीकरितां दरमहा ५०० रुपये शुल्क आहे. गाडी उभी असली तरी दिनदर्शिका उभी राहत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्र सरकारनें २० वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचें शुल्क १०,००० रुपये केलें आहे. शिवाय पर्यावरण कर व विमा निराळे. हा सर्व आंकडा प्रादेशिक परिवहन कार्यालयांत गाडीचा क्रमांक दाखवून अगोदर काढून घ्यावा. कित्येकदां तो गाडीच्या किंमतीच्या बरोबरीस येतो.

नोंदणीपुस्तकांतील चासी-क्रमांक व इंजिन-क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशीं ताडून पाहावे. गंज घासून, कागद ठेवून, पेन्सिलीनें छाप काढावा. पेट्रोल जीपमध्यें डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात एके काळीं सर्रास होता. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें अशा फेरफारास नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते, आणि पुस्तकांत अजून पेट्रोलच लिहिलेलें असतें. सात-बाराच्या इतर हक्कांत जसा बोजा, तसा येथेंहि बँकेचा बोजा असतो; कर्ज कधींच फिटलेलें असलें तरी फॉर्म ३५ देऊन तो उतरविलेला नसतो.

मालक हयात नसेल तर वारसांचा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न केवळ कागदाचा नाहीं. आजोबांच्या नांवावरची जीप एक नातू विकतो, पैसे घेतो, आणि गाडी उभी राहून रंगली कीं मुंबईचे दोघे भाऊ सुटींत येऊन विचारतात, "आमची गाडी तुमच्या दारांत कशी ?" फॉर्म ३१ वर वारसाच्या नांवें गाडी चढल्यावांचून, आणि इतर वारसांची लेखी संमति हातीं आल्यावांचून, पुढें पाऊल टाकूं नये. कधीं घरांतील वृद्ध बाई ती गाडी देण्यास मनापासून तयार नसते. यजमान तीच चालवीत बाजारास जात, एवढीच त्यांची खूण उरलेली असते. अशा वेळीं भंगाराचा भाव सांगून घासाघीस करणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. त्यांनीं नाहीं म्हटलें तर नाहीं.

सरकारी खात्यांतून बाहेर पडलेल्या जीपेच्या बाबतींत अधिक सावध असावें. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महामंडळें व स्थानिक संस्था यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढें चालू राहत नाहीं. तीं अधिकृत मोडणी-केंद्रांतच जावयाचीं. लष्करी लिलावांतील गाडीस फॉर्म २१ मधील मूळ विक्रीपत्र नसेल, तर ती नोंदणींत येत नाहीं. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतल्या गाडीस २०२१ च्या नियमांनीं 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये. पण ती गाडी प्रदर्शन, फेरी वगैरेंकरितां. रोजच्या वापरास तिला मनाई आहे. मळ्यावर खताचीं पोतीं नेण्यासाठीं कोणी हा मार्ग धरूं नये.

एवढें सगळें जुळलें म्हणजे घ्यावी काय ? आमचें उत्तर : ज्याला स्वतःच्या हातानें काम करावयाचें आहे, किंवा ज्याचा मुलगा तें करणार आहे, त्यानें अवश्य घ्यावी. हातानें गियरबॉक्स खोलून पुन्हां बसविलेल्या पोराला पुढें ट्रॅक्टर, पंप, फवारणी-यंत्र यांपैकीं कशाचीहि भीति राहत नाहीं, आणि हा लाभ आम्ही खरा मानतों. पण गाडी मिस्त्रीच्या दारांत सोडून दर शनिवारीं पैसे नेऊन देणें ही दुरुस्ती नसून हप्त्यानें केलेली खरेदी आहे. त्यापेक्षां चालती गाडी घेतलेली बरी. आणि हौस असेल तर तिला हौसच म्हणावें. "शेतीसाठींच घेतली" असें घरांत सांगून पीक-कर्जाच्या रकमेला हात लावणें यासारखा दुसरा अविचार नाहीं. शेतीचें ओझें ओढण्यास ट्रॅक्टर व ट्रॉली बहुतेकांच्या घरीं आहेच. किंमतीचे एक रुपयास दुरुस्तीचे दोन रुपये बाजूला असावेत, असा आमचा ठोकताळा आहे.

मोकळे दिवस किती, हेंहि मोजावें. जिराईत शेतकऱ्यास रब्बीची मळणी उरकल्यापासून मृगापर्यंत वेळ मिळतो. द्राक्षवाल्यास व दूधवाल्यास तेवढाहि नाहीं. वैशाखांत सबंध गाडी खोलून ठेवली आणि मृग बरसला, तर सुटे भाग गोठ्यांत, नट-बोल्ट डब्यांत आणि डबा कोठें तें कोणास ठाऊक नाहीं, अशी दशा होते. अर्धी खोललेली जीप सबंध जीपेपेक्षां स्वस्त जाते. म्हणून गाडी आणण्यापूर्वीं छप्पर हवें, आणि एका वेळीं एकच अंग खोलावें. आरंभ ब्रेक व स्टिअरिंग यांपासून. जुन्या घडणीच्या जीपांत चारी चाकांच्या ब्रेकांस एकाच नळीचा आधार असतो. एके ठिकाणीं गळती लागली कीं चारीहि चाकें मोकळीं. त्यांतून सी.जे. ३-बीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अवघें ८० इंच अंतर. बांधावर तिरपी गेली तर कलंडावयास वेळ लागत नाहीं, आणि मागच्या बांकावर पोरें बसलेलीं असतात. ब्रेकांनंतर इंजिन, मग विजेच्या तारा, आणि रंग सर्वांत शेवटीं. आमचे हौशी लोक आरंभ रंगापासून करतात, ही गोष्ट निराळी.

इसार द्यावयाचाच झाला, तर तो लेखी द्यावा, आणि नोंदणी अमुक तारखेच्या आंत आपल्या नांवें न झाल्यास रक्कम परत, अशी अट त्यांत घालावी. विकणारा या अटीस कांकूं करूं लागला, तर त्याचें कारण त्यास तेथेंच विचारावें.