मागची कोलांटी आणि लेकरांची मान

शाळेला सुट्टी लागली की आपल्या परभणी जिल्ह्यात वस्त्यावस्त्यांत पोरांच्या कोलांट्या सुरू होतात. गंगाखेडसारख्या नदीकाठच्या गावी गोदावरीची वाळू असते, बाकी ठिकाणी घरातली फरशी. पुढची कोलांटी बहुतेकांना येते. मागची मारताना मात्र मान अवघडते किंवा पोर खांद्यावरून कडेला पडते. शिवाय मोबाईलवर पाहून हवेतली उलटी उडी मारणारेही आता वाढले आहेत. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

काही घरांत म्हणतात, कोलांट्या मारणे हे डोंबाऱ्याचे काम, आणि मुलीने तर मारूच नयेत. आम्हाला हे मान्य नाही. डोंबाऱ्यांच्या लेकरांनी पोटासाठी रस्त्यावर जी कला जपली, तिला हिणवण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्रिपुराच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते. तरी ती २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गेली. जिम्नॅस्टिक्ससाठी ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय महिला. तिथे ती चौथी आली, पदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. तेव्हा मुलामुलींना खेळू द्या, पण रीतीने.

मागच्या कोलांटीत एक क्षण असा येतो की सगळे शरीर डोक्यावरून जाते. तेव्हा भार हातांनी उचलला नाही, तर तो मानेच्या मणक्यांवर पडतो. सगळी शिकवण या एका गोष्टीसाठी आहे: भार हातांवर, मानेवर नाही.

जागा आधी पाहा. फरशीवर, कोब्यावर किंवा स्प्रिंगच्या पलंगावर नको. ओली वाळूही दगडासारखी टणक होते. जमिनीवर कापसाची गादी अंथरा, वर घट्ट वाकळ टाका. आजूबाजूला भिंत, खाट, पाटा-वरवंटा नसावा. जेवण होऊन दोन तास झालेले असावेत. मान दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्या दिवशी कोलांटी बंद.

पहिली पायरी पाळण्याची. उकिडवे बसावे, हनुवटी छातीला टेकवावी, पाठ गोल करून मागे-पुढे झुलावे. हनुवटी सुटू नये म्हणून तिच्याखाली रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला, की चुकले.

दुसरी पायरी हातांची. तळहात कानांजवळ, आकाशाकडे. बोटे खांद्यांकडे, कोपरे पुढे. असेच झुलत मागे जाऊन दोन्ही तळहात एकाच वेळी गादीला टेकवायचे. हे सहज जमेपर्यंत पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी उताराची. गादीच्या एका टोकाखाली दुसरी गादी घालून बेताचा उतार करा. उंच टोकाला उताराकडे पाठ करून उकिडवे बसायचे आणि मागे लोळायचे. कंबर डोक्यावर आली की दोन्ही तळहातांनी जमीन जोराने रेटायची आणि पायांवर उतरायचे. उतारामुळे हातांवर जोर कमी येतो. सपाट गादीवरची कोलांटी त्यानंतर.

मदत करणारा मोठा माणूस बाजूला गुडघ्यावर बसावा. त्याने दोन्ही हातांनी कंबर धरून वर उचलावी. पाय ढकलू नयेत, मानेला हात लावू नये. पोर मधेच अडकले, तर त्याला कडेला लोळू द्या, बळजबरी करू नका.

हवेतली उलटी उडी ही वेगळी विद्या आहे. प्रशिक्षक आणि जाड मॅट नसेल, तर ती मारू नये. चौकशीसाठी शाळेच्या पी.टी.च्या सरांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. तो आपला हक्क आहे.

मान आपटून हातापायांना मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा हालचाल होईना, तर पोराला उठवून बसवू नका, मान चोळू नका. जिथे आहे तिथेच निजवून डोके स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. घाईने खांद्यावर टाकून नेले, तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते.

मजुरी करणाऱ्या घराला असा दवाखाना परवडत नाही. पोरांना कोलांटी शिकायला महिना लागला तरी लागू द्या. संध्याकाळची दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा, इतकेच आमचे आई-बापांना सांगणे आहे.